पाकिटावरची देवी आणि पोळपाटाचा तिसरा पाय

पत्र थोडक्यात असं आहे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या एक ताई आणि त्यांची जाऊ मिळून दोन वर्षं घरून नाचणीचे पापड, लाडू, सत्त्व विकतायत. आता दुकानांत माल ठेवायचा म्हणून ब्रँड करायचं ठरलं. लोगो वारलीत हवा हे दोघींचं आधीपासून पक्कं, "कारण नाचणी म्हटलं की आदिवासी आणि आदिवासी म्हटलं की वारली". भाच्याने नेटवरून वेक्टर (कॉम्प्युटरवरचं तयार चित्र) विकत घेऊन दोन दिवसांत लोगो करून दिला: नक्षीदार चौकट, आत देवीसारखी आकृती, भोवती तारपा नाच (तारपा म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचं वाद्य), खाली नाव. पाच हजार पाकिटं छापून आली. ताईंनी कौतुकाने एक पाकीट ऑफिसातल्या मैत्रिणीला दाखवलं, ती डहाणूकडची, वारली. ती बराच वेळ बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "ही आमच्या लग्नातली देवी आहे गं, हिला पापडावर का बसवलीस?" तेव्हापासून ती पहिल्यासारखी बोलत नाही. नवरा म्हणतो कला सगळ्यांची असते, शाळेत चित्रकलेच्या तासाला वारली काढायचो तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती? भाचा म्हणतो लायसन घेतलंय, टेन्शन नको. जाऊ म्हणते पाकिटं संपेपर्यंत गप्प बस. ताई विचारतात: लोगो बदलू का, परवानगी लागते तर कोणाची, आणि मैत्रिणीला काय सांगू?

ताई, उत्तराला उशीर झाला कारण तुम्ही पाठवलेला पाकिटाचा फोटो मी दोन-तीनदा उघडून बघितला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही तो छानच वाटला हे आधी कबूल करते. गेरूचा रंग बरोबर जमलाय, नाव नीट वाचता येतंय, भाच्याचा हात वाईट नाही. दुसऱ्यांदा मोठा करून बघितला तेव्हा ती तुटक रेघ दिसली. पाकिटाच्या वरच्या बाजूला "येथे कापा" लिहिलंय ना, ती रेघ बरोब्बर देवीच्या डोक्यावरून जाते. म्हणजे तुमचं प्रत्येक गिऱ्हाईक पापड काढण्याआधी कात्री घेऊन काय करणार ते बघा. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, पण मैत्रीण बराच वेळ बघत राहिली म्हणता ना, ती बहुतेक तिथेच बघत असणार.

आता तुम्हाला ओरडण्याआधी माझी गंमत सांगते. पंचवीसेक वर्षं मी पॅकेजिंगचं काम करतेय, आणि सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरसाठी मी तारपा नाच काढला होता, काढला म्हणजे काय, एका फोटोवरून गिरवला. मधला तारपेवाला मला "कंपोझिशनमध्ये जड" वाटत होता म्हणून मी त्याला उचलून कोपऱ्यात नेला आणि मधे महिन्याचं नाव टाकलं. भारी दिसत होतं. नंतर एका प्रदर्शनात डहाणूच्या एका चित्रकार काकांना मोठ्या ऐटीत ते कॅलेंडर दाखवलं, तर ते आधी हसले, मग शांतपणे म्हणाले की बाई, हे सगळे तारप्याकडे पाठ करून नाचतायत. त्या नाचाचा नियमच तो आहे, तारपेवाला वळेल तसं सगळ्यांनी वळायचं, त्याला पाठ दाखवायची नाही. आणि मी ज्याच्याभोवती सगळं फिरतं त्यालाच खड्यासारखा बाजूला काढला होता. कॅलेंडर तर वर्षभर भिंतीभिंतींवर लटकलं. त्यामुळे तुमचं पत्र वाचून मी हसले नाही, माझेच कान गरम झाले.

तर तुमच्या पाकिटावर आहे काय ते आधी बघू, कारण भाच्याला ते "ट्रॅडिशनल फ्रेम" म्हणून मिळालंय. ती फ्रेम नाही, तो चौक आहे. वारल्यांच्या घरी लग्न असलं की कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरूने रंगवून त्यावर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. हे काम सवाष्णींचं, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाच्या आत असते ती पालघट, झाडापेरांची, सुफळतेची देवी. बाजूच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न होत नाही. आपल्याकडे देवक बसवतात ना, साधारण त्या जातीची गोष्ट समजा, फक्त इथे देवच चित्रातून येतो. आता तुमच्या घरच्या देवकाचा फोटो कोणी चकलीच्या पाकिटावर छापला आणि वर "येथे कापा" लिहिलं तर तुम्ही कोर्टात जाल का? नाही जाणार. पण त्या माणसाशी पहिल्यासारखं बोलाल का?

आता तुमच्या मिस्टरांकडे येते, कारण त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सगळी वारली चित्रं पवित्र, हात लावायचा नाही, असं काही नसतं आणि वारली चित्रकार स्वतःही तसं म्हणत नाहीत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडच्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग घेऊन, आणि तोवर फक्त बायका फक्त भिंतीवर लिहीत होत्या ती चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे पुढे आले ते तिथून. हा माणूस बाप्या असून रोज चित्रं काढायचा, लग्न असो नसो, आणि त्याने चौकाच्या बाहेरचं सगळं जग कागदावर आणलं, मासे पकडायचं जाळं, मुंग्यांची वारुळं, भाताची झोडणी, ताडावर चढणारा माणूस. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यानंतरचे लोक रेल्वे, विमान, मोबाईल टॉवर सगळं काढतात. म्हणजे वारली चित्र विकणं, छापणं, वस्तूवर येणं यात मुळात पाप काही नाही, डहाणू-जव्हारच्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर चालतात. फरक एवढाच की झोडणीचं चित्र विकायला काढतात आणि चौकाला चौकाची जागा असते, आणि कुठलं कुठे चालतं हे ठरवणारा माणूस त्या घरातला असतो. तुमच्या बाबतीत ते एका वेक्टरच्या साइटने ठरवलं.

आणि शाळेचं म्हणाल तर आम्हीपण काढायचो हो. दोन त्रिकोण टोकाला टोक, वर गोल, झाला माणूस, डोक्यामागे छोटा अंबाडा की झाली बाई. पण शाळेत काढलेलं चित्र बाईंना दाखवून आपण घरी न्यायचो. लोगो वेगळी वस्तू आहे. लोगो म्हणजे तुमचा शिक्का, आणि शिक्क्याचा अर्थच मुळी असा की हे फक्त माझं, दुसऱ्या कोणी वापरायचं नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे ताई, आणि तो भावनांचा कमी आणि धंद्याचा जास्त आहे. वारली ही एका अख्ख्या समाजाची सामाईक वस्तू, तिच्यातला तुकडा उचलून तुम्ही म्हणताय की हा आमचा एकट्यांचा शिक्का. तुम्ही देवीला नुसतं पापडावर बसवलं नाहीत, तिच्यावर मालकी सांगायला निघालात. ते नैतिक की अनैतिक ते घडीभर बाजूला ठेवा, ते होतच नाही. तारपा नाचाचं गोल वळशावळशाचं चित्र हायवेच्या ढाब्यावर आहे, फ्लायओव्हरच्या खांबावर आहे, कुर्त्यावर, ज्यूटच्या पिशवीवर, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेवर आणि अर्ध्या होमस्टेंच्या पाटीवर आहे. दुकानाच्या फळीवर तुमचं पाकीट इतर चार "गावरान" पाकिटांच्या शेजारी ठेवून बघा, गिऱ्हाईक पुढच्या वेळी येऊन सांगणार, "ते वारलीवालं द्या", आणि दुकानदार जे हाताला लागेल ते देणार.

भाच्याच्या लायसनबद्दल. त्याला सांगा की बाबा, त्या साइटच्या अटींचं पान उघड आणि लोगो किंवा ट्रेडमार्क हा शब्द शोध. बहुतेक स्टॉक साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे चित्र ट्रेडमार्क किंवा लोगो म्हणून वापरता येणार नाही, कारण तेच चित्र ते उद्या आणखी शंभर जणांना विकणार असतात. पोरगं खोटं बोलत नाहीये, त्याने पैसे भरलेत, फक्त ज्याचे भरले ते वेगळं आहे. उद्या तुम्ही ट्रेडमार्कचा अर्ज केलात, घरगुती धंद्याला ऑनलाइन मालाच्या एका वर्गाला साडेचार हजार फी आहे, आणि कोणी हरकत घेतली की हे चित्र तर बाजारात पडलेलं आहे, तर तुमच्याकडे म्हणायला काही नाही. शिवाय ट्रेडमार्कच्या कायद्यात एखाद्या समाजाच्या धार्मिक भावना दुखावू शकेल असं चिन्ह नोंदवता येत नाही असंही कलम आहे, आणि तुमच्या चिन्हात देवी बसलीय.

परवानगी कोणाची, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे बऱ्याच वाचकांचा गोंधळ असतो म्हणून जरा फोड करून सांगते. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, 2014 पासून, डहाणूच्याच आदिवासी संघटनेच्या नावाने. जीआय मुख्यतः नावाला आणि मालाला धरून असतं, म्हणजे कुठेतरी कारखान्यात छापलेली चित्रं "अस्सल वारली पेंटिंग" म्हणून विकायची नाहीत. त्याने त्रिकोणाचा माणूस काढण्यावर सरसकट बंदी येत नाही. कॉपीराइट पण शैलीवर नसतो, एका ठरावीक चित्रावर असतो, ते काढणाऱ्याचा, आणि तो गेल्यावरही साठ वर्षं. म्हणजे कुठल्याही वारली चित्रकाराचं चित्र इंटरनेटवरून उचलून त्यावर आपलं नाव टाकणं ही सरळ चोरीच, "ट्रॅडिशनल आहे" म्हणून सुटका नाही. पण पालघटची परवानगी देणारी खिडकी कुठे नाही, फॉर्म नाही, सहीशिक्का नाही. म्हणूनच लोकांना वाटतं की कोणी विचारणारच नाही, म्हणजे चालतं. तुम्हाला विचारणारी निघाली, रोज डबा खाताना समोर बसणारी.

पण खरं सांगू का, परवानगीच्याही आधीचा एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला नाही, आणि मला पत्रातलं ते एकच वाक्य सारखं टोचत होतं. नाचणी म्हटलं की आदिवासी, आदिवासी म्हटलं की वारली. कोणी सांगितलं? नाचणी कोल्हापुरात होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गात होते, आणि देशात सगळ्यात जास्त कर्नाटकात होते, तिथे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, खाणारे बहुतेक लोक काही आदिवासी नाहीत. आणि आपल्या पालघर-ठाणे-नाशिक पट्ट्यातच बघा, वारली आहेत, कोकणा आहेत, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी, महादेव कोळी, प्रत्येकाचे देव वेगळे, लग्नं वेगळी. हे सगळे आपण एका पांढऱ्या रेघेत गुंडाळतो कारण ती रेघ दिसायला छान असते. पुढे तुम्हीच लिहिलंय की नाचणी तुम्ही कल्याणच्या होलसेलवाल्याकडून घेता, तो कुठून आणतो माहीत नाही. म्हणजे पाकीट बघून गिऱ्हाईक समजणार की कुठल्यातरी पाड्यावरच्या बायकांनी हे पापड लाटलेत, त्यांच्या हातात चार पैसे जाणार, आणि म्हणून दहा रुपये जास्त देणार. प्रत्यक्षात लाटले तुम्ही दोघींनी, फ्लॅटच्या गॅलरीत वाळवले, आणि पाड्यावर एक रुपया गेलेला नाही. तुम्ही कुठे खोटं लिहिलं नाहीत, चित्राने परस्पर सांगून टाकलं. मैत्रिणीला नुसती देवीच खटकली असेल असं मला वाटत नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल आता वारलीचं नावच नको. तसंही मला म्हणायचं नाही, घाबरून सोडून देणं आणि न विचारता उचलणं या दोन्हींत त्या माणसांशी बोलायचं राहूनच जातं. तुम्हाला खरंच वारली चित्र हवं असेल तर लोगो आणि चित्र या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. लोगो तुमचा ठेवा, चित्र त्यांचं घ्या, रीतसर, पैसे देऊन, पाकिटाच्या मागच्या बाजूला किंवा दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सवर, चित्रकाराच्या नावासकट. आणि त्याआधी नाचणीचं काहीतरी करा. जव्हार-मोखाड्याकडे डोंगरउतारावर नागली आणि वरई होते, तिकडे नाचणीला नागलीच म्हणतात, बचत गटांच्या बायका विकतात, वर्षाला चार पोती जरी तिथून घेतलीत तरी पाकिटावर त्या चित्राला बसायला जागा मिळाली. नसेल जमत भावाचं गणित तर नका घेऊ, पण मग चित्रही नको.

चित्रकार शोधणं अवघड नाही. विरारहून डहाणू लोकल पकडा, गंजाडकडे जाणारी रिक्षा पकडा आणि कोणालाही विचारा, त्या भागात बोट दाखवाल तिथे हात चालणारी माणसं आहेत. जायचं नसेल तर महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात त्यांचे स्टॉल असतात, तिथे बसून बोला. बोलताना "आमच्याकडे तुमची जाहिरात होईल" हे वाक्य तोंडातून काढू नका, ते त्यांनी आपल्या आधी शंभर जणांकडून ऐकलेलं असतं. पुठ्ठ्याचं माप सांगून घासाघीसही करू नका, कारण तुम्ही इंचांवर कागद घेत नाही आहात, हजारो वेळा छापायचा हक्क घेताय, त्याची किंमत वेगळी असते, आणि तीही आधी त्यांनाच विचारा. अर्धे पैसे आगाऊ द्या.

आणि दोन पानांचा करार मराठीत लिहा, दोघांना वाचता येईल असा. काय छापणार, कशावर, किती वर्षं, कुठे, किती पैसे, नाव कुठे येणार, मूळ चित्र कोणाकडे राहणार. हे न लिहिल्याने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं: करारात मुदत लिहिली नाही तर कायद्याने तो हक्क पाच वर्षांचाच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता, म्हणजे उद्या दुबईच्या नणंदेने तिकडे माल विकायचा म्हटलं की अडलात. उलट बाजूने, "सर्व हक्क कायमचे" असं एका ओळीत लिहून घेणारेही भेटतात, वकील फॉरमॅटच तसा देतात, ते तुम्ही करू नका. पापडाच्या पाकिटाला जेवढं लागतं तेवढंच घ्या. टी-शर्ट काढायचे झाले तर परत जा, परत पैसे द्या.

मग काय काढायचं ते त्यांना ठरवू दे. तुम्ही फक्त सांगा की आमचा धंदा नागलीचा. मी एकदा असं काम करून घेतलं होतं तेव्हा मी पानभर सूचना लिहून नेल्या होत्या आणि काकांनी तो कागद घडी घालून रंगाच्या वाटीखाली ठेवला, वाटी हलू नये म्हणून. मग बांबूची काडी घेतली, टोक चावून चावून त्याचा कुंचला केला आणि आधी माणसं काढलीच नाहीत. आधी उतार काढला, एकेक बारीक फराटा मारत, मग उतारावर रोपं, अर्धा तास नुसती रोपं, मला वाटलं आता कधी येणार माणूस. मग त्या रोपांत वाकलेल्या बायका आल्या, आणि त्या वाकल्या होत्या म्हणजे काय तर वरचा त्रिकोण किंचित पुढे कलला होता, बास. त्या एवढ्याशा कलण्यात दिवसभराची पाठ दुखत होती. तुमच्या वेक्टरमधल्या सगळ्या बाया एकाच त्रिकोणाच्या कॉपी-पेस्ट आहेत ताई, मोठं करून बघा, बाराच्या बारा बायका एकाच अंशात उभ्या.

हो, आणि असं चित्र मिळालं की भाच्याला ते ऑटोट्रेस करू देऊ नका, सॉफ्टवेअर तो थरथरता फराटा गुळगुळीत करून टाकतं आणि मग तुम्ही पैसे कशाला दिलेत असं होतं. हाय रेझोल्यूशन स्कॅन करा, आणि छापणाऱ्याला आधीच सांगा की गडद रंगावर पांढऱ्या बारीक रेघा आहेत, प्लास्टिकच्या पाउचवर शाई पसरून त्या रेघा भरून जातात, एक नमुना काढून दाखव मग पुढचे छाप. आकारही फार लहान करू नका. नाहीतर एवढं सगळं करून शेवटी दिसायला पांढरी बुरशी.

आता आकाराचा विषय निघालाच आहे तर, तुमचा सध्याचा लोगो मी व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीएवढा करून बघितला. तपकिरी चौकोनात तांदूळ सांडल्यासारखं दिसतं. बिलबुकावर रबरी शिक्का मारलात तर तेवढंही दिसणार नाही. देवी असो नसो, लोगो म्हणून तो नापासच होता, हे मी मैत्रीण बोलली नसती तरी सांगितलं असतं.

मग लोगो कशाचा? तुमच्या पत्रात तो आहे, तुम्ही कंसात लिहून पुढे गेलात. तुम्ही लिहिलंय की सगळे पापड अजून सासूबाईंच्या पोळपाटावरच लाटतो, त्याचा एक पाय कधीच तुटलाय आणि जावेने तिथे बाटलीचं झाकण चिकटवलंय, तरी नवा घ्यायचा नाही असं दोघींचं ठरलंय. अहो ताई! एवढं हातात असताना तुम्ही डहाणूची देवी आणायला का गेलात? वर पापडाचा गोल, खाली पोळपाटाची आडवी रेघ, दोन पाय सारखे आणि तिसरा वेगळाच, बुटका, खाचाखाचांचा. अर्ध्या इंचात दिसतो, एका रंगात छापता येतो, रबरी शिक्का होतो, पोरं कागदावर काढू शकतात. आणि जगात दुसऱ्या कोणाकडे तो नाही, त्यामुळे साडेचार हजार भरायचेत ते यावर भरा. दुकानात कोणी विचारलं हा पाय असा का, तर तुमच्याकडे सांगायला खरी गोष्ट आहे, आणि ती सांगताना जावेचं तोंड बघण्यासारखं होईल.

राहिलेल्या पाकिटांचं बोलू. तुम्ही म्हणता आठशे गेली, बेचाळीसशे शिल्लक. जावेचं म्हणणं मला कळतं, घरगुती धंद्यात बेचाळीसशे पाकिटं म्हणजे चेष्टा नाही, आणि मी तुम्हाला सगळी जाळून टाका असं सांगणार नाही, जाळायची असती तर मी माझी कॅलेंडरं पण जाळली असती. पण "संपेपर्यंत गप्प" याचा अर्थ माहीत असूनही बेचाळीसशे वेळा. आधी नव्या लोगोचा मोठा स्टिकर छापून घ्या, समोरची अख्खी चौकट झाकेल एवढा, आणि जुनी कापायची रेघही त्याखाली झाकून नवी स्टिकरच्या वरच्या कडेबाहेर येईल असं बघा. फक्त एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, वजन, तारीख, घटक यातलं काही झाकलं जाऊ देऊ नका, नाहीतर एक निस्तरता दुसरं. स्टिकरचा खर्च नव्या पाकिटांपेक्षा बराच कमी पडतो, दोन-तीन प्रेसमध्ये भाव काढा. मात्र देवीवर स्टिकर चिकटवणं बरं की ती पाकिटं बाजूलाच काढणं बरं, हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीपण एकट्याने ठरवू नका.

म्हणजे आपण मैत्रिणीवर आलो. तिला काय सांगू, विचारलंत. सगळ्यात आधी, तिला नवा लोगो, चित्रकाराचा नंबर, कराराचा मसुदा यातलं काहीही मागायला जाऊ नका. ती तुमच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, वारली समाजाची प्रवक्ता म्हणून नोकरीला नाही. लोक हमखास ही चूक करतात, आधी दुखावतात आणि मग माफी मागता मागता फुकटची सल्लागार करून टाकतात. "मला माहीतच नव्हतं" हे वाक्यही आधी नको, ते खरं असलं तरी, कारण त्यावर तिला "असू दे गं" म्हणावंच लागतं आणि विषय तिथेच मिटतो, म्हणजे तुमच्यापुरता मिटतो. सरळ सांगा, तू म्हणालीस ते डोक्यातून गेलं नाही, मी ते चित्र काढून टाकतेय, चुकलंच माझं. मग गप्प बसा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, तिच्या घरच्या चौकाबद्दल, आजीबद्दल, किंवा काहीच नाही. तिने स्वतःहून विषय वाढवला तर विचारा की या उरलेल्या पाकिटांचं काय करू, आणि ती जे म्हणेल ते करा, महाग पडलं तरी.

मिस्टरांना तो कापायच्या रेघेचा फोटो मोठा करून दाखवा, वाद घालू नका. भाच्याला पैसे दिले नसतील तर या वेळी द्या, पोळपाट तोच काढेल, त्याचा हात चांगला आहे आणि त्याला चांगल्या कामाची सवय लागायला हवी. आधी त्याला खरा पोळपाट समोर ठेवून दहा-बारा वेळा पेन्सिलीने काढायला लावा, कॉम्प्युटर नंतर. जो आवडेल त्याची अर्ध्या इंचाची प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवा, आठवडाभर येता-जाता दिसू दे, आणि आठव्या दिवशीही बरा वाटला तर मला पाठवा. झाकणाच्या खाचा मात्र मोजून तेवढ्याच ठेवायला सांगा त्याला.